गादीवरचा हात

“अक्का, उठा ना जरासं. हात लावना शे.”

आमच्या ह्यांनी असं म्हटलं आणि धुळ्याच्या एसटीत खिडकीशी बसलेली ती बाई पिशवी छातीशी धरून उभीच राहिली.

“काय दखतस, भाऊ? काही पडनं का?”

ह्यांनी सीटवर तळहात ठेवला, बोटं पसरली आणि डोळे मिटले. गाडी गतिरोधकावर उडाली, मागची पोरं हसली, तरी हात हलला नाही. मग सीटची फट चाचपली, एका जागी फाटलेल्या रेक्झिनमधून दोन बोटं आत घालून फोम दाबला, आणि म्हणाले, “बसा. सीट थंडी शे.”

बाईने माझ्याकडे पाहिलं. डोक्याशी बोट फिरवून दाखवलं असतं तर मी सुटले असते. पण नवऱ्याला चारचौघांत वेडा ठरवायला माझं बोट काही उचलत नाही. मी म्हटलं, “त्यासले सवय शे. तुम्ही बसा निवांत.” ती बसली, पण निवांत कसली! सोनगीर ते धुळे ती सीटच्या कडेवर टेकून होती.

सगळी गाडी वळून वळून आमच्याकडे पाहत होती. पाहत नव्हता तो एकच माणूस. दोन सीट पुढे, पांढरी टोपी, मान ताठ. फारुखभाऊ. त्यांचं दार आमच्या दारासमोर. मध्ये गल्ली एवढी की इकडच्या ओट्यावरून तिकडच्या ओट्यावर काडेपेटी फेकावी. त्या दिवशी आम्ही तिघं एकाच कामाला निघालो होतो. धुळ्याच्या कोर्टात तारीख होती. फारुखभाऊ फिर्यादी आणि आमचे हे आरोपी. कोर्टाच्या वेळेला पोचवणारी गाडी एकच, मग वैर असो नाहीतर सोयरीक, बसायचं तिच्यातच.

वैर तरी कसं म्हणू? वैऱ्याशी माणूस भांडतो तरी. फारुखभाऊंनी ह्यांच्याशी आग लागली त्या दिवसापासून एक शब्द काढला नव्हता. मला दुसरं काही नको होतं. माफी नको, आशीर्वाद नको. त्यांनी एकदा बोलावं. शिवी द्यावी, गचांडी धरावी, पण तोंड उघडावं. डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या, भगताने दोरा बांधला, कशानेही ह्यांचा हात थांबला नाही. त्याचं औषध समोरच्या दारात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते दार काही आमच्याकडे बघत नव्हतं.

ह्यांचं नाव सुपडू. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण कोर्टात पट्टेवाला इतक्यांदा ओरडतो की आता माझ्या न घेण्याने काय अडलंय? आधीची दोन भावंडं गेली म्हणून सासूबाईंनी ह्यांना जन्मल्याबरोबर सुपात घातलं, उकिरड्यापर्यंत नेऊन परत आणलं. म्हणजे मरणाला वाटावं, हे टाकाऊ आहे, हे नको. तेव्हापासून हा माणूस स्वतःला टाकाऊच समजत आला. कोणी रागावलं की आधी मान खाली. चूक कोणाची ते मागून बघायचं.

जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीत गेला. जिनिंग बंद पडलं. हायवेच्या अंगाचं त्याचं गोदाम ललितशेठने घेतलं आणि तिथं रायफल क्लब काढला. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, धुळ्याची हौशी मंडळी, रविवारी नुसती जत्रा. ह्यांना शेठने राखणीला ठेवलं. झाडायचं, निशाण्याचे कागद बदलायचे, लाल झेंडा चढवायचा नि उतरवायचा. आणि क्लबला लागून मंगल कार्यालय! इकडे मंगलाष्टकं चाललेली आणि तिकडून ठो! एका लग्नात तर धरणाऱ्याच्या हातून अंतरपाटच गळून पडला, आणि नवरा-नवरीने मुहूर्ताआधीच एकमेकांचं तोंड पाहून घेतलं.

तक्रारी झाल्या. आवाज अडवायला भिंतीला लावायचं खास सामान मिळतं म्हणे, न पेटणारं. ते महाग. मग शेठची गाडी आमच्या गल्लीत आली. फारुखभाऊ पिंजारी, बापजाद्यांपासून गाद्या-उशांचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, त्यामागे परसू.

“जुन्या कापसाच्या जाड गाद्या कर फारुख, भिंतीला टांगू,” शेठ म्हणाला.

“शेठ, कापूस शे. बंदूकना जोडे कापूस?”

“बंदूक काय गादीला टेकवून मारणार आहेत का?” शेठ हसला. पैसेवाल्याच्या हसण्यापुढे कारागिराचं काय चालतं! गाद्या फारुखभाऊंनी भरल्या, खोळी मी शिवल्या. दुकानाच्या खोळी मीच शिवायचे, माझ्या घरी, माझ्या मशीनवर. त्यांची बायको सकीनाभाभी दुपार कलली की समोरून हाळी द्यायची, “कोकिळा, खोळ व्हयनी का?” खोळ झालेली असो नसो, चहा व्हायचाच. ती तोंडाने फटकळ, मी तिच्याहून फटकळ. आमचं भांडण ऐकायला गल्ली गोळा व्हायची, आणि गल्ली गोळा झाली की आम्ही दोघी मिळून गल्लीला झोडायचो.

मग तो उन्हाळ्यातला रविवार आला. बंदुकीतून न जळालेली दारू थोडी थोडी उडते आणि साचते, हे आम्हाला पुढे कळलं. माझ्याच शिवणींत साचत होती ती. त्या दिवशी ठिणगी पडली आणि एक गादी फर्रकन पेटली. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं होतं, त्यातून नुसती फुस्स निघाली. पोरांनी बादल्या ओतल्या. विझली. खोळ जळाली, एक कोपरा काळा पडला, बस्स. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. शेठ घाबरला तो लायसनसाठी. म्हणाला, “सुपडू, ही गादी आधी हलव इथून. आपला टेंपो घे. कुठंही टाकून दे. आणि इथं काही झालेलं नाही, कळलं?”

आता तुम्हीच सांगा, खानदेशात कापूस टाकून देणारा माणूस कोणी पाहिलाय? आमच्या बाया वेचणी संपल्यावर पऱ्हाटीला चिकटलेलं बोंडही खुडून आणतात. आजीची गादी पिंजून आईची होते, आईची पिंजून लेकीच्या बाळंतपणाला जाते. ह्यांनी टेंपो सरळ फारुखभाऊंच्या दारात उभा केला. फारुखभाऊ गावात नव्हते. भाभी पुढे आली. हे म्हणाले, शेठने टाकायला सांगितलीय, पण कापूस चांगला आहे.

“कापूस कोनी टाकस का? घरनी बरकत जास,” भाभी म्हणाली. “ठेवा आठेच. सुकनी का पिंजी काढूत.”

कापसातली आग वरून विझली तरी आत दबा धरून बसते, हे आमच्या गावचं शेंबडं पोरही जाणतं. पण ती गादी चिंब होती. उतरवताना ओट्यावर पाण्याचा ओहोळ गेला. ओल्या गादीत विस्तव आहे असं कोणाच्या बापाच्या मनात येईल? ना ह्यांच्या आलं, ना त्या पिंजाऱ्याच्या बायकोच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे क्लबवर गेले होते. मी घराच्या धाब्यावर कुरडया घालत होते. समोरच्या परसात भाभी आणि तिची शाझिया, दोघी मिळून ती गादी ओढत ओढत उन्हात आणत होत्या. मागच्या दाराला लागून खाट होती, तिच्यावर पसरली. मी वरून ओरडले, “भाभी, गादीले न्हाऊ घातं का?”

“हां, नवरी बननार शे!” ती कमरेवर हात ठेवून हसली. शाझियाला कॉलेजची गाडी गाठायची होती, ती गेली. फारुखभाऊ पहाटेच धुळ्याला कापड आणायला गेले होते. भाभीचे गुडघे दुखायचे, ती मधल्या खोलीत आडवी झाली.

दुपारी सोनगीरच्या किल्ल्याकडून झळा सुटल्या. गल्लीत कुत्रंही नव्हतं. मी मशीनवर होते. करपल्याचा वास आला. मी म्हटलं, माझं वरण लागलं. उठून चुलीपाशी गेले, वरण तर केव्हाच उतरवलेलं. परत येऊन बसले तर वास दाट झाला, आणि तो वास मी जन्मभर ओळखते. कापूस.

आग मोठी दिसलीच नाही. धूरच धूर. मागचं दार पेटलेलं, पुढे शटर आतून बंद. माणसांनी पहारीने शटर उचकटलं. भाभीला बाहेर आणलं तेव्हा अंगावर कुठे भाजल्याची खूण नव्हती. नाकाखाली तेवढे काळे ओघळ होते, ते मी पदराने पुसले. रिक्षात घातलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. धुळ्याला पोचायच्या आधीच माझी मांडी जड झाली, आणि मला कळलं. बंब आम्हाला वाटेत समोरून आला, वरातीमागून घोडं!

हे सायकल हाणत आले तोवर दुकान जळून खाली बसलं होतं. परसात खाटेच्या जागी राखेचा ढीग, वरून पाणी मारलेला, गार दिसणारा. ह्यांनी कोणाला काही विचारलं नाही. त्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसला. आत निखारा होता. लोकांनी ओढून काढलं तेव्हा तळहाताचं कातडं तिथंच राहिलं. तेव्हापासून हा हात असा आहे. जिथं गादी, उशी, गोधडी, सीट, काहीही भरलेलं दिसेल तिथं जाऊन टेकतो.

आठवडा उलटायची वाट न बघता ललितशेठ आमच्या घरी आला. सुतकी चेहरा करून बाजेवर बसला. ह्यांच्या हाताला पट्टी होती.

“हे बघ सुपडू, झालं ते फार वाईट झालं. पण आग क्लबमध्ये लागलेली नाही. तू ती गादी न विचारता उचलून आणलीस, एवढंच सांग. लहान गोष्ट आहे. तुझी नोकरी राहील, हाताचा दवाखाना मी बघतो.”

हे मान खाली घालून म्हणाले, “त्यासनी टाकी दे सांगं व्हतं. मी टाकी नही.” म्हणजे अर्धं कबूलच! माझं डोकं फिरलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

“शेठ, चोरीना माल कोनी मालकना टेंपोमा ली जास का?”

शेठ उठला. दारात वळून म्हणाला, “बाई, समजुतीने घ्या. माझ्याकडे वकील आहेत.” चोराच्या उलट्या बोंबा! तो गेल्यावर मी त्याने प्यायलेला कप गल्लीत फेकला. नंतर वाईट वाटलं, कपाचा काय दोष.

मी ह्यांना समजावलं. तुम्ही ‘चोरली’ म्हणालात तर भाभीचं मरण कोणाच्याच नावावर लागणार नाही. फारुखभाऊंच्या हातात राख राहील, नुसती राख. हे ऐकत होते की नाही कळत नव्हतं. पट्टीतल्या हाताने बाजेची गादी दाबत होते.

पोलीस ठाण्यात जबाबाला मी सोबत गेले. साहेब तरुण होता, वाईट नव्हता. त्याने विचारलं, ह्यांनी सांगितलं. गाद्या कोणी टांगायला लावल्या, ठिणगी कशी पडली, शेठ काय म्हणाला, टेंपो कोणाचा. सगळं. मला वाटलं, वा रे माझ्या वाघा!

“म्हणजे तुला टाकून द्यायला सांगितली होती आणि तू टाकली नाहीस,” साहेब म्हणाला. “मग चूक तुझीच झाली ना?”

“मनी बी चूक शे, साहेब,” हे म्हणाले. “पन आग तठली, क्लबमधली शे.”

साहेबाने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, “आणि ती उन्हात, दाराजवळ कोणी टाकली?”

“मी.”

मी ताडकन उठले. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा बसले. लग्नापासून त्यांनी माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. बाहेर आल्यावर मात्र मी सोडलं नाही. “खोटं का बोलनात? तुम्ही तर क्लबवर व्हतात! भाभीनी नी शाझियानी टाकी, मी मना डोयाघाई देखी!”

“मरेल मानूसवर कसं टाकू?” हे म्हणाले. “नी पोरवर? तिनं लगन व्हवानं शे. ‘हिनीच माय मारी,’ आसं बठ्ठं गाव म्हनी. तू बी बोलू नको. मनी आन शे.”

शपथ घातली. झालं! माझी एरवी दारातल्या चपलेशीही भांडणारी जीभ, तिला कुलूप. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. गुन्हा दोघांवर लागला, शेठवर आणि ह्यांच्यावर. फारुखभाऊंना वाटत राहिलं की सुपडूनेच ती गादी त्यांच्या बायकोच्या दाराशी आणून पेटत ठेवली.

पुढचं काय सांगू? क्लबचा विमा होता. विमावाला म्हणाला, आग क्लबच्या भिंतींबाहेरची, आमचा संबंध नाही. सरकारी माणूस म्हणाला, दुकानाला विमा नाही, आणि ही काही दैवी आपत्ती नाही. दैवी नाही तर कोणाची, ते विचारलं तर म्हणाला, कोर्ट ठरवेल. पुढारी आले, फारुखभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून गेले. शेठच्या क्लबला नवी पाटी लागली, नवी रंगरंगोटी झाली आणि पुन्हा ठो ठो सुरू. काड्या घालणारेही आले, इकडूनही आणि तिकडूनही. कोणी फारुखभाऊंना म्हणे, तो सुपडू बघ, मुद्दाम केलं असेल. तेव्हा त्यांचा आवाज मी आमच्या दारातून ऐकला. “मनी बायको मरनी. तुमनं काय गयं? निंघा आठून.” मी देवाला हात जोडले. पण आमच्याकडे मात्र त्यांनी मान वळवली नाही.

ह्यांची नोकरी गेलीच. मंगल कार्यालयात काम मिळालं. तिथं वऱ्हाडाला गाद्या घालायच्या. हे एकेका गादीवर हात ठेवून डोळे मिटून उभे, आणि वऱ्हाड ताटकळलेलं! दुसऱ्या लग्नाला हाकललं. मग आमची लेक मयुरी म्हणाली, या थोडे दिवस यावलला. गेलो. चौथ्या सकाळी जावई उठून बघतात तर सासऱ्यांनी त्यांना झोपायला दिलेल्या गादीची शिवण उसवून सगळा कापूस अंगणात पसरलेला. जावई भला माणूस, कापूस गोळा करायला बसला, पण बॅग भरताना मयुरी रडत होती. आमच्या घरात मी सगळ्या गाद्या विकून टाकल्या. चटईवर झोपतो. आता हे खडी फोडायच्या मशीनवर जातात. दगडाला आग लागत नाही, म्हणून असेल, तिथं टिकले.

आणि मी? मी शहाणी आहे असं समजू नका. अजून दुपार कलली की मला समोरून ऐकू येतं, “कोकिळा, खोळ व्हयनी का?” स्पष्ट. मी हातातलं टाकून दारात जाते. समोर पत्रे ठोकून केलेली खोली, आणि बंद दार. फारुखभाऊ आता धुळ्यातल्या एका दुकानात फोमच्या तयार गाद्या विकतात. आगीनंतर कापूस त्यांनी हातात धरला नव्हता.

तर त्या दिवशी कोर्टात काय झालं म्हणाल, तर तारीख. शेठ आलाच नाही, त्याच्या वकिलाने कागद दिला, संपलं. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; आम्हाला कोण विचारतंय, आम्हाला चढवलं होतं. बाकड्याच्या या टोकाला आम्ही, त्या टोकाला फारुखभाऊ. ह्यांना तहान लागली होती. फारुखभाऊंच्या पायाशी पाण्याची बाटली होती. मी बघत होते. त्यांनी ती उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि पुन्हा खाली ठेवली. परतीची गाडीही एकच होती.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळची वेळ, हे कामाला निघाले होते. चप्पल घालता घालता थांबले.

“तुले ऐकू येस का?”

मी म्हणणार होते, नाही. पण येत होतं. तँय, तँय, तँय. पिंजणाची तार. कापूस पिंजायची ती जुनी मोठी कमान, फारुखभाऊंच्या वडिलांची. मशीन आल्यापासून ती मशिदीजवळ त्यांच्या भावाच्या घरी टांगलेली असायची, म्हणून वाचली होती. समोरच्या दाराच्या फटीतून बघितलं तर पत्र्याच्या खोलीत धुकं पडावं तसा कापूस उडत होता, आणि त्यात तोंडाला फडकं बांधलेले फारुखभाऊ.

हे कामाला गेले नाहीत. उंबऱ्यात बसून राहिले. तार थांबली की ह्यांचा श्वास थांबायचा.

दुपार कलताना दारात शाझिया आली. हातात छिटाचं लाल कापड. ती आमच्या घरात आगीनंतर पहिल्यांदा येत होती.

“काकू, माझं लग्न ठरलंय. अब्बा गादी भरताहेत. खोळ शिवून द्याल?”

मी कापड हातात घेतलं. तिने उंबऱ्यात बसलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं आणि तिथंच खाली बसली.

“काका, त्या दिवशी गादी मी आणि अम्मीनं उन्हात टाकली होती. तुम्ही पोलिसांना सांगितलं, मी टाकली. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. रोज वाटायचं सांगावं, आणि रोज भीती वाटायची.” ती रडू लागली. “परवा अब्बांना सांगितलं.”

“का बरं सांगं, बेटा?” हे एवढंच म्हणाले. “काय गरज व्हती?”

“अब्बा तसेच उठून गेले आणि कमान घेऊन आले.”

खोळ शिवायला मला एक दुपार लागते. ही मी दोन दिवस शिवली. शिवण उसवायची, पुन्हा घालायची. माझ्या खोळींत बंदुकीची दारू साचली होती ना. मी एवढी बारीक टीप घातली की त्यात धूळ शिरायची नाही. हे शेजारी बसून होते. कापडाला त्यांनी हात लावला नाही.

लग्न धुळ्याला होतं. सामान घेऊन जायला टेंपो आला. पलंग चढला, कपाट चढलं, भांडी चढली. गादी शेवटी. फारुखभाऊंच्या ओट्यापुढे बाजेवर ती लाल गादी ठेवली होती. नातलग, शेजारी, गल्ली भरलेली. हे आमच्या दारात भिंतीला टेकून उभे होते. हात पाठीमागे घट्ट धरलेले. मला माहीत होतं तो हात कशासाठी तडफडतोय, आणि मी मनात म्हणत होते, आज नको, आज तरी नको, पोरीचा दिवस आहे.

दोन पोरं गादी उचलायला वाकली.

“थांबा,” फारुखभाऊ म्हणाले.

त्यांनी मान वळवली. सरळ आमच्या दाराकडे. दाढी सगळी पांढरी झाली होती, मला ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

“सुपडूभो.”

ह्यांना खरं वाटलं नाही. त्यांनी मागे बघितलं, मागे कोणी आहे का.

“सुपडूभो, पोरनी गादी शे,” फारुखभाऊ म्हणाले. “हात लावी जा.”

हे गल्ली ओलांडून गेले. बाजेपाशी उभे राहून तळहात सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला. मग ठेवला. बोटं पसरली, डोळे मिटले. टेंपोवाल्याने हॉर्न दिला, तर फारुखभाऊंनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. कोणी हसलं नाही. ह्यांनी चारी कोपरे दाबून पाहिले, मध्ये दाबलं, कड चाचपली. घाई केली नाही. मी तोंडात पदर कोंबला होता.

“थंडी शे,” हे म्हणाले.

फारुखभाऊंनी आपला हात ह्यांच्या हाताशेजारी ठेवला. जळालेल्या कातड्याच्या त्या हाताकडे ते थोडा वेळ बघत राहिले.

“व्हय. थंडी शे.”

पोरं पुन्हा पुढे झाली. फारुखभाऊंनी त्यांना बाजूला सारलं. एक टोक स्वतः धरलं, आणि दुसऱ्या टोकाकडे ह्यांना मानेने खूण केली. पुढची तारीख होतीच, फिर्यादी आणि आरोपी होतेच. दोघांनी मिळून गादी उचलली आणि टेंपोपर्यंत नेली.